सुंभाने शिवलेले गाव

(द्वितीय वर्ष, कला)

आलप्पुळा हे नाव मी प्रथम वाचले ते कॉलेजच्या सूचनाफलकावर. ‘भूगोल विभागाची अभ्याससहल : कोची, आलप्पुळा व कुट्टनाड’ अशी ती सूचना होती आणि खाली वर्गणीचा आकडा होता. तो वाचून मी निमूटपणे ग्रंथालयाकडे वळले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा ट्रॉलरवर खलाशी, आई हंगामात दुसऱ्यांच्या बागेत काजू वेचायला जाणारी. सहल हासुद्धा अभ्यासच असतो, हे घरी समजावून सांगायला मला चार दिवस लागले. आईला ते पटले की नाही कोण जाणे. तिने बचतगटातून कर्ज मात्र काढले. आजीचे मत शेवटपर्यंत बदलले नाही. “पाणी बघूक इतक्या लांब कित्याक? खाडी आसा मां दारात!” ती म्हणाली. तिच्या म्हणण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

गाडीतल्या भेंड्या, सरांच्या डुलक्या आणि मैत्रिणींच्या डब्यांतले पदार्थ यांचे वर्णन दरवर्षी कोणी ना कोणी या अंकात करतेच, म्हणून ते वगळते आणि एकदम कोचीहून निघालेल्या सकाळच्या गाडीतून आलप्पुळाच्या फलाटावर उतरते. या गावात रेल्वे आली ती १९८९ साली. म्हणजे गावाचे वय पाहिले तर कालच! पूर्वी इथे खरी वाहतूक चाले ती पाण्यावरून. गावाच्या नावाने आम्हा सर्वांची पहिल्याच दिवशी फजिती केली. त्याचे शेवटचे अक्षर धड ‘ळ’ नव्हे, ‘र’ नव्हे आणि ‘य’ही नव्हे; जीभ मागे वळवून मध्येच सोडून द्यायची. साहेबालाही ते जमले नसावे, कारण त्याने सरळ ‘अलेप्पी’ करून टाकले.

साहेबावरून आठवले. ‘पूर्वेचे व्हेनिस’ असे या गावाला लॉर्ड कर्झनने म्हटले, असे तिथे प्रत्येक जण सांगतो. हॉटेलच्या पाटीवर ते आहे, रिक्षाच्या पाठीवर आहे आणि आमच्या बाईंनी दिलेल्या टिपणातही होते. मी व्हेनिस पाहिलेले नाही; चित्रात पाहिले आहे. चित्रातले पाणी निळे होते. आलप्पुळाच्या कालव्यातले पाणी चहाच्या चोथ्याच्या रंगाचे होते आणि पुलाच्या एका अंगाला जलपर्णीची अशी दाट हिरवी सतरंजी अंथरलेली होती, की एक बगळा तिच्यावरून शांतपणे चालत गेला. दोन्ही काठांना मोठमोठी झाडे, झाडांखाली रस्ता, रस्त्याच्या कडेला दुकाने. कुठे एखादी जुनी वखार, कौलांवर शेवाळ आणि दाराला भलेमोठे कुलूप. आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, “हेच का ते व्हेनिस?” सगळे हसले. मीही हसले. पण मनात आले, की ‘पूर्वेचे अमुक’ आणि ‘दक्षिणेचे तमुक’ अशी नावे नेहमी बाहेरचा माणूस देतो. त्याने आधी दुसरे काही पाहिलेले असते. इथल्या माणसाने कालवे खणले ते कोणासारखे दिसावे म्हणून खणले नसणार.

कशासाठी खणले, ते त्या दुपारी बाईंनी पुलावर उभे राहून सांगितले. गावातून दोन मुख्य कालवे समांतर धावतात. एकाचे नाव वाडै कालवा आणि दुसऱ्याचे चक्क ‘कमर्शियल कॅनॉल’! नावातच सगळे आले. पूर्वेला वेंबनाडचे प्रचंड सरोवर आणि त्याच्या पलीकडे मिरी, आले, वेलदोडे, नारळ पिकवणारा मुलूख, पश्चिमेला समुद्र. मधल्या पट्टीत हे गाव. सरोवरातून माल होडीने यायचा, कालव्याने थेट वखारीच्या दारात लागायचा आणि तिथून समुद्रावर जायचा. १७६२ साली त्रावणकोर राज्याने इथे बंदर उघडले. पुढे राजा केशवदास या दिवाणाने गावाची घडी बसवली, कालवे करवले आणि कच्छ व मुंबईकडच्या व्यापाऱ्यांना बोलावून जागा दिल्या. ‘गुजराती स्ट्रीट’ हे नाव अजून आहे. त्या रस्त्यावरून जाताना आमच्यातल्या एका गुजराती मुलीला उगाचच मोठेपणा आला, हे नमूद करायला हवे!

पण बंदर इथेच का, हा प्रश्न मला पडला होता. किनारा सरळसोट, ना खाडी ना आडोसा. आमच्याकडे पावसाळ्यात समुद्र बंद होतो; नारळी पौर्णिमा होईपर्यंत बाबा घरी बसून जाळी विणतात आणि घरातला तांदूळ मोजून शिजतो. आलप्पुळाच्या समोर मात्र पावसाळ्यात एक नवल घडते. समुद्राच्या तळाचा मऊ चिखल ढवळून वर येतो, त्याचा एक पट्टाच पाण्यात तयार होतो आणि बाहेरून आलेल्या लाटांचा जोर त्या चिखलात जिरून जातो. दोन्हीकडे समुद्र खवळलेला आणि मध्ये हा तुकडा तळ्यासारखा निवांत. म्हणून ऐन पावसाळ्यातही जहाजे इथे नांगर टाकू शकत. अशा शांत पाण्यात मासळी झुंडीने येते तेव्हा तिकडचे कोळी त्याला ‘चाकरा’ म्हणतात. चिखल हा एखाद्या गावाचा भाग्यविधाता असू शकतो, हे मला फार आवडले. आमच्या वाडीतही चिखल काही कमी नाही.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. १८६२ साली इथे लोखंडी खांबांवर लांबलचक धक्का बांधला गेला; त्याच साली दीपगृहही झाले. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे ते दीपगृह अजून ताठ उभे आहे. धक्क्याचे मात्र गंजलेले खांब तेवढे समुद्रात उरले आहेत, कुठे दोन, कुठे चार, वाकलेले. १९२० नंतरच्या वर्षांत कोचीचे बंदर खोल खणले गेले, मोठी जहाजे तिकडे गेली आणि इकडचा व्यापार ओसरत गेला. एक मुलगा खांबांकडे पाठ करून फोटो काढून घेत होता. सूर्यास्त सुंदर होता. सूर्यास्ताबद्दल मला एवढेच लिहिता येते.

दुसऱ्या दिवसाची होडी मला अधिक लिहिण्यासारखी वाटते. बसस्थानकाजवळच बोटीचा धक्का आहे आणि तिथून राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटी सुटतात. अगदी आपल्या एस.टी.सारख्या! तिकिटे फाडणारा माणूस, ठरलेले थांबे, घंटी वाजली की चालू, घंटी वाजली की बंद. सुकाणूवरच्या माणसाला तिकडे ‘स्रांक’ म्हणतात. बाबांच्या ट्रॉलरवरचा सारंग तो हाच. शब्दाने किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास केलेला दिसतो. बोटीत पर्यटक आम्हीच. बाकी शाळेची मुले, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, एक गॅसचे सिलिंडर आणि एक नवरा-बायको, ज्यांनी तासाभरात एकमेकांशी एक शब्द काढला नाही. माणसे दाराच्या पायरीवरून बोटीत चढत आणि दुसऱ्या दाराच्या पायरीवर उतरत.

नेडुमुडीच्या वाटेवर कुट्टनाड सुरू झाले आणि मी उभीच राहिले. बोट वर होती आणि शेते खाली! कालव्याला बांध, आणि बांधाच्या पलीकडे पाण्याच्या पातळीच्याही खाली हिरवागार भात. ही जमीन समुद्रसपाटीपासून एक ते तीन मीटर खाली आहे. चिखलाचे बांध घालून, आतले पाणी उपसून ती माणसांनी पाण्यातून वर काढली, नव्हे, पाण्याखालीच राखली आहे. ज्यांनी छातीइतक्या पाण्यात उभे राहून ते बांध घातले ते भूमिहीन, बहुतेक पुलय जातीचे मजूर होते, आणि जमीन त्यांची झाली नाही, हेही बाईंनी सांगितले. आमच्या खाजणातल्या बांधाला खेकड्याने भोक पाडले तरी सारी वाडी टिकाव-फावडी घेऊन धावते. इथे तर बांध फुटला की तळेच. ऑगस्ट २०१८च्या पुरात अख्ख्या कुट्टनाडातली माणसे होड्यांनी आलप्पुळाला आणावी लागली होती. शेजारच्या आजोबांनी हाताने आपल्या कमरेच्या बऱ्याच वर खूण करून पाणी कुठवर होते ते दाखवले. भाषा लागली नाही.

आणि सगळीकडे हाउसबोटी. एकामागून एक, जणू गणपतीला निघालेल्या मुंबईच्या गाड्या. विणलेली छपरे, काचेच्या खिडक्या, आत वातानुकूलन यंत्र. सर म्हणाले, “यांचे खरे नाव केट्टुवळ्ळम. केट्टु म्हणजे बांधणे, वळ्ळम म्हणजे होडी. मुळात या भात वाहणाऱ्या होड्या. जमिनीवर रस्ते झाले, ट्रक आले, होड्या बेकार झाल्या. मग १९९० नंतर कोणाला तरी त्यांच्यावर खोल्या बांधायची कल्पना सुचली.” मी विचारले, “सर, बांधणे म्हणजे?” ते म्हणाले, “त्यांच्या फळ्यांना खिळा नसतो. फळीला फळी लावून काथ्याच्या दोरीने शिवतात.”

परतल्यावर धक्क्याजवळ नांगरलेल्या एका जुन्या होडीपाशी मी मुद्दाम गेले. बाहेरून काजूच्या टरफलाचे तेल लावून ती काळीकुळकुळीत केली होती. आत वाकून पाहिले. फळ्यांच्या सांध्यावरून टाके गेले होते, गोधडीला घालतात तसे, जवळजवळ आणि घट्ट. मी हात लावला. तो सुंभ होता. आमच्या पडवीत टांगलेला असतो तोच.

आता आजीविषयी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या वाडीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सुंभ वळतात. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात पुरायची, वर दगड ठेवायचे, सहा-आठ महिने कुजू द्यायची. मग बाहेर काढून दांडक्याने बडवायची. त्या वेळी जो वास सुटतो तो साबणाने जात नाही. काथ्या मोकळा करून वाळवायचा आणि दोन तळव्यांत घोळून घोळून वळायचा. आजीने हे पन्नास वर्षे केले. आईनेही केले, पण मला कधी बसू दिले नाही. “पेन धरायचे हात आहेत तुझे,” ती म्हणे. आजीचे तळवे पाटावरवंट्यासारखे गुळगुळीत आहेत. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचे यंत्र आले तेव्हापासून ते तिला ओळखत नाही. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा लावते, एकेक करून दहाही बोटे लावून पाहते. मागे रांग थांबलेली असते. दुकानदार म्हणतो, “हात धुवून ये गे आजी.” हात धुऊन रेषा परत येत नाहीत.

म्हणून तिसऱ्या दिवशी कलवूरला जायचे ठरले तेव्हा माझ्या पोटात काहीतरी होऊ लागले. कलवूर गावाबाहेर आहे. तिथे कॉयर बोर्डाचे संग्रहालय आहे. ‘कॉयर’ हा इंग्रजी शब्दच मुळी मल्याळममधल्या ‘कयर’वरून आला, कयर म्हणजे दोरी. त्याच नावाची एक भलीमोठी कादंबरी तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी लिहिली आणि ती १९७८ साली प्रसिद्ध झाली. ते याच कुट्टनाडातले, १९८४चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. संग्रहालयात काचेमागे सोडणे होती, काथ्या होता, दोरीच्या जाडीप्रमाणे तिची वेगवेगळी नावे होती. माझ्या मैत्रिणी भराभर पुढे गेल्या. मी एकेक पाटी वाचत राहिले. जे काम मी घरी कोणी मैत्रीण आली तर दिसू नये म्हणून पडवीच्या मागच्या बाजूला सरकवीत असे, त्याच्यावर दिवे सोडले होते.

तिथून परत येताना सरांच्या ओळखीने आम्ही एका घराच्या अंगणात गेलो. तिथे ‘रट्ट’ चालू होता. रट्ट म्हणजे दोर वळायचा चरखा. एक बाई चाक फिरवते. दोघी जणी कमरेच्या ओटीत काथ्या घेऊन, चाकाच्या आकड्याला पहिला पेड अडकवून, मागे मागे चालत जातात आणि बोटांतून काथ्या सोडत जातात. अंगणाच्या टोकापर्यंत उलटे चालायचे, मग पुन्हा पुढे यायचे. दिवसभरात त्या किती मैल उलट्या चालत असतील! तिघीही आजीच्या वयाच्या. अंगणात तरुण मुलगी एकही नव्हती.

त्यांच्यातली एक दमून पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसले. तिला मराठी येईना, मला मल्याळम येईना. खाली काथ्याचा पुंजका पडला होता. तो मी उचलला आणि दोन तळव्यांत धरून वळायला लागले. मला कोणी शिकवले नव्हते. पण लहानपणापासून जे पाहिले ते हाताला ठाऊक असते. वीतभर सुंभ झाला. जाडाभरडा, एका ठिकाणी लठ्ठ, एका ठिकाणी रोड. ती बाई मोठ्याने हसली, दुसरीला हाक मारून तिने तो दाखवला. मग माझा तळवा उलटा करून तिने त्यावर अंगठा फिरवला, मऊ आहे हे तिला कळले असावे, आणि “मोळे” म्हणून काहीतरी लांबलचक बोलली. ‘मोळे’ म्हणजे मुली, पोरी, एवढे सरांनी नंतर सांगितले. बाकीचे काय बोलली ते राहिले. तिचे तळवे मी पाहिले. ते मी ओळखत होते.

निघताना तिने रट्टावर वळलेल्या दोरीचा हातभर तुकडा कोयत्याने तोडून मला दिला.

संध्याकाळी बस एका मोठ्या स्मशानभूमीवरून गेली. वलिय चुडुकाड असे तिचे नाव. तिथे लाल झेंडे होते. या गावात १८५९ साली जेम्स डॅरा आणि हेन्री स्मेल यांनी काथ्याच्या चटयांचा पहिला कारखाना काढला. मग एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्यात काम करणाऱ्यांनी १९२२ साली आपली संघटना बांधली. त्रावणकोर संस्थानातली ती पहिली कामगार संघटना. आणि ऑक्टोबर १९४६मध्ये पुन्नप्रा आणि वयलार या जवळच्या गावांतले काथ्या कामगार, कोळी आणि शेतमजूर दिवाणाच्या राज्याविरुद्ध उठले. त्यांच्या हातांत सुपारीच्या खोडाचे टोकदार भाले होते, समोर संस्थानच्या फौजेच्या बंदुका. शेकडो माणसे मेली. त्यांचे स्मारक तिथे आहे. व्ही. एस. अच्युतानंदन यांच्यावर अंत्यसंस्कारही तिथेच झाले, जुलै २०२५मध्ये, ते १०१ वर्षांचे असताना. सातवीत शाळा सुटलेला, याच गावच्या काथ्याच्या कारखान्यात काम केलेला हा माणूस २००६ ते २०११ केरळचा मुख्यमंत्री होता.

बसमध्ये यावर वाद झाला. एक जण म्हणाला, “संप करकरूनच तर इथले कारखाने गेले. आता बघ, तिघी म्हाताऱ्या उरल्या.” सर म्हणाले, इतके सोपे नाही, यंत्रे आली, माल दुसऱ्या राज्यांत स्वस्त पडू लागला, मुलांना दुसरी कामे मिळाली. मी वादात पडले नाही. माझ्या डोक्यात वेगळेच चालले होते. आम्हाला इतिहास हा विषय आहे. त्यात तह आहेत, लढाया आहेत, सनावळी आहेत. दोर वळणाऱ्यांनाही एक सन असू शकतो, त्यांच्या नावाने गावाबाहेर एक दगड उभा असू शकतो, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. आमच्या वाडीत किती बायकांनी किती कोस सुंभ वळला, तो कोणी कोणत्या भावाने नेला, त्याने कोणाची होडी बांधली आणि कोणाचे घर शाकारले, याची एक ओळ कुठे नाही. आपल्याकडे सुंभ आहे तो फक्त म्हणीत. तिथे तो जळतो आणि त्याचा पीळ उरतो, आणि तीही म्हण हट्टी माणसाला हिणवायला वापरायची!

कालव्याविषयी एक राहिले. शेवटच्या सकाळी मी एकटीच पुलावर गेले होते. पहिल्या दिवशी ज्या जलपर्णीला आम्ही हसलो होतो ती दोन माणसे होडीतून ओढून काठावर टाकीत होती. बाई म्हणाल्या होत्या की, १९७६ साली वेंबनाडवर तण्णीरमुक्कमचा बंधारा सुरू झाला. भाताला खारे पाणी लागू नये म्हणून उन्हाळ्यात त्याची दारे लावतात. मग खारे पाणी आत येत नाही आणि गोड्या पाण्यात वाढणारे हे तण माजते. भात वाचतो, पाणी कोंडते. त्या दोघांनी तासाभरात जेवढे काढले तेवढ्या जागेत पाणी उघडे झाले आणि त्यात समोरच्या वखारीचे कौल दिसू लागले. मला ते व्हेनिसच्या चित्रापेक्षा बरे वाटले. आमच्या खाडीसारखे वाटले म्हणून असेल.

घरी आल्यावर आजीला मी फोटो दाखवले. हाउसबोटी तिने पाहिल्या न पाहिल्यासारख्या केल्या. शिवलेल्या होडीच्या फोटोवर थांबली. “टाको बरो घातलेलो आसा,” म्हणाली. मग मी पिशवीतून दोरीचा तुकडा काढून दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, नखाने एक पेड सोडवला, पुन्हा घातला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला. “ह्यो मशिनीवरचो न्हय. बायलमाणसान वळलेलो आसा.” रट्टाची गोष्ट, उलटे चालणे, ती हसणारी बाई हे सगळे मी तिला सांगितले. तिला सर्वांत नवल वाटले ते हे, की तिकडच्या बायका उभ्याने वळतात. “पाय दुखत असतले त्यांचे,” ती म्हणाली.

तो तुकडा मी आठवण म्हणून भूगोलाच्या वहीत ठेवणार होते. दुसऱ्या दिवशी पाहते तो वहीत नव्हता. परसात वालीचा मांडव कलला होता, त्याच्या काठीला तो गच्च आवळून बांधलेला होता.